जमिनीखालची चूल

कोरिया देशातील हिवाळा मोठा कडक असतो. उत्तरेकडून, सैबेरियाच्या बाजूने आलेले कोरडे वारे तेथे महिनेच्या महिने वाहत असतात. सोल शहरी जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली दहा अंशांपर्यंत उतरला, तर त्याचे कोणाला फारसे नवल वाटत नाही. अशा एखाद्या रात्री जुन्या धाटणीच्या कोरियन घरी पाहुणा आला म्हणजे तो दाराशी जोडे काढतो, आत येतो आणि जमिनीवरच बैठक मारतो. खोलीत शेगडी नसते, शेकोटी नसते, धुराचा वासही येत नाही. तरीही त्याच्या गारठलेल्या पावलांना प्रथम ऊब लागते, मग मांड्यांना, पाठीला, आणि घटकाभरात साऱ्या अंगातील थंडी पळते. ऊब येते ती पायांखालच्या जमिनीतून. घरातील विस्तव त्या जमिनीच्या पोटात खेळत असतो.

या योजनेला कोरियन भाषेत 'ओन्दोल' म्हणतात. तिचे दुसरे आणि अस्सल देशी नाव 'गुदुल' असे असून 'भाजलेला दगड' अशी त्या शब्दाची फोड सांगतात. ती फोड खरी असो वा नसो, वस्तूचे वर्णन मात्र तीत नेमके आले आहे.

ओन्दोल कसा बांधतात ते पाहण्यासारखे आहे. स्वयंपाकघराची जमीन निजण्याच्या खोलीपेक्षा बरीच खोल ठेवलेली असते. दोन्हींमधील भिंतीच्या तळाशी चुलीचे तोंड असते. चुलीवर भाताचे लोखंडी भांडे चढते आणि खाली लाकडे पेटतात. आपल्याकडच्या चुलीचा धूर वर जाऊन कौलांतून निसटतो. येथे मात्र तो आडवा वळतो आणि भिंतीखालून शेजारच्या खोलीच्या जमिनीखाली शिरतो. तेथे दगडमातीच्या बुटक्या भिंती घालून धुरासाठी लांबच लांब पाट केलेले असतात. त्या पाटांवर सपाट शिळा अंथरतात, शिळांचे सांधे मातीने बुजवतात, वर मातीचा जाड लेप देऊन तो सारखा करतात आणि लेप वाळला की त्यावर जाड कागदाचे थर चिकटवतात. त्या कागदावर तेलाचा हात फिरला म्हणजे जमीन पिवळसर, गुळगुळीत व ओल न धरणारी होते. पाटांतून हिंडून आपली बहुतेक उष्णता शिळांना देऊन टाकलेला धूर पलीकडच्या टोकाला असलेल्या धुराड्यातून बाहेर पडतो.

यांत बारकावे पुष्कळ आहेत. चुलीतून निघालेला मार्ग प्रथम एकदम चढतो आणि मग पाटांत उतरतो. या उंबरठ्यामुळे राख पाटांत जात नाही आणि वाऱ्याच्या झोताने धूर उलटा फिरत नाही. पाटांच्या शेवटी, धुराड्याच्या अलीकडे, एक खोल चर असतो. काजळी आणि बाहेरून उतरणारी थंड हवा त्यात साठून राहते. चुलीजवळ बसवायच्या शिळा जाड असतात, तर दूरच्या पातळ. जाळ जेथे प्रखर तेथे दगड जाड हवा, नाहीतर वरच्या माणसाला चटका बसावयाचा. आणि जेथे धूर निवत आला तेथे तो पातळ हवा, नाहीतर ऊब वर पोचावयाचीच नाही. हे गणित कोरियन गवंड्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते. चुकत, सुधारत, पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ते हाताने सोडवले.

आता, विस्तव खोलीत न पेटवता जमिनीखाली पेटवण्यात फायदा कोणता? शेकोटीपाशी बसलेल्या माणसाचे तोंड भाजते आणि पाठ गारठते, हा अनुभव सर्वांचा आहे. खोलीच्या मध्यभागी शेगडी ठेवली तरी तापलेली हवा हलकी होऊन छपराशी जाते आणि थंड, जड हवा जमिनीलगत पसरते. म्हणजे ऊब आढ्याला आणि गारठा पावलांना, असा उफराटा न्याय होतो. जमीनच तापवली म्हणजे ऊब तळापासून सुरू होते. जमिनीला टेकलेल्या अंगाला ती वहनाने पोचते, न टेकलेल्या अंगाला प्रारणाने पोचते, आणि हवा ऊन होते ती शेवटी. शिवाय दगड व माती ही उष्णतेच्या बाबतीत मोठी सावकाश चालणारी द्रव्ये आहेत. ती उशिरा तापतात, पण एकदा तापली की चटकन निवत नाहीत. संध्याकाळी भात शिजवण्यासाठी जाळलेली लाकडे पहाटेपर्यंत ऊब देत राहतात. दक्षिण कोरियातील जिरी पर्वतात चिलबुल नावाचा बौद्ध मठ आहे. तेथील एका खोलीचा ओन्दोल एकदा लाकडे भरून पेटवला की कित्येक आठवडे निवत नसे, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेत थोडी भर पडलेली असावयाचीच!

या जमिनीने कोरियन माणसाच्या राहणीला वळण लावले. चुलीजवळचा भाग सर्वांत उबदार. त्याला 'आरेन्मोक' म्हणतात. तो मान आजीआजोबांचा, आजाऱ्याचा आणि पाहुण्याचा. दूरचा थंड भाग तो 'विन्मोक'. तेथे तरुणांनी बसावे. घरातील एखादा माणूस कामावरून रात्री उशिरा यावयाचा असला, तर त्याच्या भाताचा झाकलेला वाडगा आरेन्मोकावर गोधडीखाली सरकवून ठेवीत. तो आला की वाडगा उघडावा, आत भात ऊनच. सोयाबीन शिजवून त्याचे ठोकळे आंबवण्यासाठीही हीच जागा कामी येई. उन्हाळ्यासाठी मात्र त्याच घरात, दोन खोल्यांच्या मधोमध, लाकडी फळ्यांची मोकळी ओसरी असते. तिच्या खालून वारा खेळतो. एका छपराखाली दोन ऋतूंच्या दोन जमिनी, असे ते घर असते.

ही युक्ती किती जुनी असावी? इ. स. ९४५ मध्ये पुऱ्या झालेल्या, चीनच्या तांग राजवटीच्या इतिहासग्रंथात कोगुर्यो या प्राचीन कोरियन राज्याची हकीकत आली आहे. तेथील गोरगरीब हिवाळ्यात लांब चर करून त्यांखाली विस्तव धुमसत ठेवतात आणि ऊब घेतात, असे त्या ग्रंथकाराने नमूद केले आहे. प्रारंभी हे चर खोलीच्या एकदोन कडांनाच असत. सबंध खोलीची जमीन तापवण्याची रीत पुढे हळूहळू रूढ झाली.

जगाच्या दुसऱ्या टोकाला रोमन लोकांनीही अशीच योजना केली होती. त्यांची स्नानगृहे विटांच्या बुटक्या खांबांवर उभारलेली असत आणि भट्टीतील उष्ण वायू त्या खांबांमधून फिरत. व्हिट्रूव्हिअस या रोमन स्थपतीने आपल्या ग्रंथात हे खांब दोन फूट उंचीचे असावेत असे सांगितले आहे. खालचा तळ भट्टीच्या दिशेने उतरता ठेवावा, इतका की आत टाकलेला चेंडू मध्ये कोठेही न थांबता घरंगळत भट्टीच्या तोंडाशी परत यावा, अशी त्याने खूणही दिली आहे. परंतु रोमन लोकांची ही ऊब सार्वजनिक स्नानगृहांत आणि श्रीमंतांच्या वाड्यांत राहिली, आणि साम्राज्य मोडल्यावर पश्चिम युरोपातून ती बहुतेक नाहीशी झाली. कोरियातील ओन्दोल टिकला याचे एक कारण असे दिसते की, तो झोपडीतही होता. रोजचा भात शिजवताना ऊब फुकट मिळत असेल, तर ती कोण सोडील?

आपल्या देशातही याचा एक भाऊबंद आहे. काश्मीरमध्ये डिसेंबरच्या २१ तारखेपासून चाळीस दिवसांचा कडाक्याचा काळ येतो. त्याला तेथे 'चिल्ला-इ-कलां' म्हणतात. त्या दिवसांत श्रीनगरच्या मशिदींत व जुन्या, खात्यापित्या घरांत 'हमाम' पेटतो. हमाम म्हणजे दगडी फरशीची खोली. फरशीखाली पोकळी असते, तिच्यात लाकडे जळतात आणि जाळावर तांब्याचे मोठे भांडे बसवलेले असते. एकाच विस्तवाने वर बसायला ऊन फरशी मिळते आणि हातपाय धुवायला ऊन पाणीही मिळते. जुन्या मराठीतील 'हमामखाना' हा न्हाणीघराचा शब्द याच कुळातील आहे.

ओन्दोलचे गुण पुष्कळ झाले. पण त्याचा जाळ अधाशी होता हेही सांगितले पाहिजे. घरोघर, सबंध हिवाळाभर लाकूड जळू लागल्यावर डोंगर बोडके होत गेले. पुढे पारतंत्र्याच्या काळात आणि १९५० ते १९५३ च्या युद्धात उरलेसुरले रानही पुष्कळसे गेले. युद्ध थांबल्यावर सरकारने लाकूडतोडीस आळा घातला. १९७३ पासून तर वृक्षलागवडीची दशवार्षिक योजनाच हाती घेतली. आज दक्षिण कोरियाची सुमारे तीन-पंचमांश भूमी वनाखाली आहे. डोंगर हिरवे झाले. परंतु चुलीत घालावयाचे काय?

लाकडाची जागा दगडी कोळशाने घेतली. कोळशाचा भुगा दाबून त्याच्या नळकांड्यासारख्या वड्या करीत आणि वाऱ्यासाठी त्यांत उभी भोके पाडीत. एक वडी कित्येक तास जळे. ती विझण्यापूर्वी चिमट्याने दुसरी वडी वर ठेवावी लागे, आणि तीही भोकावर भोक नेमके जुळवून. गृहिणी यासाठी मध्यरात्री उठत. जळून गेलेल्या वड्यांची राख गल्लीतील बर्फावर पसरीत, म्हणजे मुलांचे पाय घसरत नसत. स्वस्त, सुटसुटीत आणि धूर न करणारे असे हे जळण गरिबांना मोठे सोयीचे वाटले.

धूर न करणारे हाच त्यातील दगा होता. कोळशाला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही म्हणजे त्यापासून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निपजतो. त्याला रंग नाही, वासही नाही. श्वासातून तो रक्तात गेला की, रक्तातील जे तांबडे द्रव्य प्राणवायू वाहून नेते त्यालाच तो चिकटून बसतो, आणि प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मग माणूस श्वास घेत असूनही गुदमरतो. लाकडाचा धूर फटीतून खोलीत आला तर डोळे झोंबत, ठसका लागे, घरातली माणसे जागी होत. हा वायू कोणाला उठवीत नसे. मातीच्या जमिनीला कोठे केसाएवढी चीर गेलेली असे, आणि त्याच जमिनीला पाठ टेकून सारे कुटुंब झोपलेले असे. १९६० व १९७० च्या दशकांत दर हिवाळ्यात शेकडो माणसे अशा रीतीने झोपेतच दगावली. कित्येक घरांत एखादा माणूस डोके ठणकत असल्यामुळे जागा झाला, त्याने दारे उघडली आणि बाकीच्यांना अंगणात ओढून काढले, म्हणून ते वाचले. आंबवलेल्या मुळ्याचे पाणी पाजावे, असा घरगुती उपाय तेव्हा सर्वत्र प्रचलित होता. खरा उपाय म्हणजे मोकळी हवा, आणि मग रुग्णालयातील शुद्ध प्राणवायू.

हा वायू कोरियापुरता नाही. दारेखिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवली, किंवा झरोका नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गीझर चालवला, तर महाराष्ट्रातही तो तयार होतो, आणि तेथेही तो आल्याची वर्दी देत नाही.

यातून मार्ग निघाला तो पाण्याचा. विस्तव आणि धूर माणसाच्या अंथरुणाखालून काढून घ्यावयाचे, ते घराबाहेरच्या एका कोठडीत ठेवावयाचे आणि जमिनीखालून फिरवावयाचे ते केवळ ऊन पाणी! पाण्याची नळी फुटली तर ओल येईल, पण प्राण जाणार नाही.

विस्तवावर पाणी तापवण्याचे यंत्र मराठी घरांना परके नाही. तांब्याचा बंब म्हणजे लहानसा बॉयलरच होय. मध्ये जळणाची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली राखेची जाळी. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतावे आणि तोटीतून कढत पाणी बाहेर पडावे. ज्वाळेला चहूबाजूंनी पाण्याने वेढल्यामुळे थोड्या काटक्यांत पुष्कळ पाणी तापते. घर तापवणारा लाकडाचा बॉयलर याच तत्त्वावर चालतो. फरक इतकाच की, त्याचे पाणी वापरून संपत नाही. ते जमिनीत जाते, निवते आणि पुन्हा तापण्यासाठी परत येते.

जमिनीखाली नळ्या घालण्याची कल्पना पश्चिमेकडे रुजवणाऱ्यांत अमेरिकेतील विख्यात वास्तुशिल्पज्ञ फ्रँक लॉइड राइट हे होते. तोक्यो येथे एका धनिकाच्या घरी, थंडीने कुडकुडत जेवण आटोपल्यावर, त्यांना कोरियन पद्धतीच्या खोलीत नेण्यात आले. आत पाऊल टाकताच जणू हवामानच बदलले, असे त्यांना वाटले. हा अनुभव ते विसरले नाहीत. पुढे अमेरिकेतील मॅडिसन गावी १९३७ साली पुऱ्या झालेल्या एका साध्या घराच्या फरसबंदीखाली त्यांनी उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या घातल्या. कोरियातही कोळशाच्या जागी हळूहळू पाण्याच्या नळ्या आल्या. आज शहरांत बहुधा गॅसवर आणि खेड्यांत कोठेकोठे लाकडावर पाणी तापवतात.

अशी जमीन आज घरात बसवतात ती पुढीलप्रमाणे. तळाशी प्रथम उष्णतारोधक थर अंथरावा लागतो. तो विसरला तर खालची धरणी तापवण्यातच अर्धे लाकूड खर्ची पडेल. त्यावर एका विशिष्ट मजबूत प्लॅस्टिकची नळी वीतभर किंवा त्याहून थोड्या कमी अंतराने नागमोडी फिरवतात. एका खोलीची नळी शक्यतो सलग ठेवतात, कोब्याखाली सांधा ठेवीत नाहीत. कारण सांधा गळू लागला तर सारी जमीन खणावी लागेल. नळीत दाबाखाली पाणी भरून ती कोठे पाझरत नाही ना, हे पाहिल्यावरच वर सिमेंटचा कोबा घालतात. भिंतीच्या कडेने मऊ पट्टी सोडतात, कारण तापल्यावर कोबा प्रसरण पावतो. आणि मग काही आठवडे थांबावे लागते. कोबा पुरता मुरण्यापूर्वी उतावीळपणे ऊन पाणी सोडले, तर त्याला तडे जातात.

पाणी फार कढत असून चालत नाही. पावलांना सुखद वाटावी अशी जमीन २५ ते २९ अंशांची असते. तिच्यासाठी ३५ ते ४० अंशांचे पाणी पुरते. बॉयलरमधील पाणी मात्र ८० अंशांच्या आसपास असते. म्हणून मध्ये एक झडप बसवतात. जमिनीतून परतलेल्या कोमट पाण्यात ती कढत पाणी बेताने मिसळते.

येथे लाकडाचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. गॅसची ज्योत हवी तेव्हा लहान करता येते. लाकडाची आग कोंडून मंद केली तर ती धुमसते, धुराड्यात डांबर साचते आणि जळण वाया जाते. लाकूड भरपूर हवेत, लखलखीत जळाले पाहिजे. पण तेवढी उष्णता घराला एकदम नको असते! म्हणून बॉयलरजवळ पाण्याची एक मोठी, लपेटलेली टाकी ठेवतात आणि एका वेळच्या आगीची सारी उष्णता तीत साठवतात. टाकी १००० लिटरची असून तिचे पाणी ४० अंशांवरून ८० अंशांवर न्यावयाचे आहे, असे समजू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवण्यास एक किलोकॅलरी लागते; तेव्हा येथे ४०,००० किलोकॅलरी लागतील. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडापासून सुमारे ३५०० किलोकॅलरी मिळतात आणि त्यांपैकी चार-पंचमांश, म्हणजे २८००, पाण्यापर्यंत पोचतात असे धरले, तर भागाकार सुमारे चौदा येतो. चौदा किलो लाकूड, म्हणजे दोन-तीन कवळे. रात्रभर ती टाकी जमिनीला थोडी थोडी ऊब वाटत राहते. जुन्या ओन्दोलमध्ये जे काम शिळा करीत, तेच येथे पाणी करते.

लाकूड ओले असेल तर हा हिशेब कोलमडतो. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ अर्धे वजन पाण्याचे असू शकते, आणि ते पाणी वाफ करून घालवण्यातच पुष्कळ उष्णता जाते. म्हणून थंड देशांतील शेतकरी फोडलेली लाकडे छपराखाली, वारा लागेल अशी रचून, एक-दोन उन्हाळे वाळू देतात.

दोन धोके राहतातच. तापलेले पाणी प्रसरण पावते. त्याला जागा मिळाली नाही तर ते भांडे फोडील. यासाठी वाढत्या पाण्याची निराळी टाकी आणि दाब वाढताच आपोआप उघडणारी झडप ठेवतात. आणि रात्री वीज गेली तर पाणी फिरवणारा पंप थांबतो, विस्तव मात्र थांबत नाही. तेव्हा ऊन पाणी आपल्याच हलकेपणाने वर चढून निवू शकेल, असा एक मार्ग मोकळा ठेवतात. दुसरा धोका जुनाच. २०१८ सालच्या डिसेंबरात दक्षिण कोरियातील गांगनुंग गावी सहलीला गेलेले दहा विद्यार्थी एका निवासात उतरले होते. तेथील गॅस-बॉयलरची धूरनळी जागची निसटलेली होती. त्यांपैकी तिघे परत आले नाहीत. त्यानंतर तेथे नव्या गॅस-बॉयलरसोबत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा बसवणे कायद्याने बंधनकारक करण्यात आले.

त्याच वर्षी कोरियन सरकारने ओन्दोलच्या परंपरेला राष्ट्रीय वारशाच्या यादीत स्थान दिले. आज तेथील वीस मजली इमारतींच्या विसाव्या मजल्यावरही जमीन उबदार असते. नळ्यांमुळे ऊब खोलीभर सारखी पसरते आणि त्यामुळे आरेन्मोक व विन्मोक हा भेद आता उरलेला नाही. आजोबांनी कोठे बसावे आणि नातवाने कोठे, हे जमीन सांगत नाही. उशिरा येणाऱ्याचा भात विजेच्या भांड्यात ऊन राहतो.